कंपासपेटीतील ई-सिगारेट : मुंबईतील एका शाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एका अनुदानित माध्यमिक शाळेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात घडले. मी त्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक म्हणून काम करत होते. विद्यार्थी, त्याचे कुटुंब आणि शाळा यांची ओळख पटू शकेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि ते घेताना आमच्याकडून काय चुकले, हे मात्र जसेच्या तसे ठेवले आहे. इतर शाळांना उपयोग होईल तो त्याचाच.

शाळेच्या फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक होता आणि बाहेरच्या रस्त्यावर शंभर यार्डांची, म्हणजे सुमारे ९१ मीटरची, पिवळी रेघही आखलेली होती. सिगारेट व तंबाखू उत्पादनांविषयीच्या २००३ च्या कायद्यानुसार या अंतरात तंबाखूची विक्री करता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर ती कुठेही करता येत नाही. शाळेने या बाबतीत खरोखर मेहनत घेतली होती, समोरच्या दोन पानटपऱ्या हलवायला लावल्या होत्या. शिक्षकांना गुटखा, मावा, चुना लावलेली तंबाखू हे सारे नजरेने आणि नाकाने ओळखता येत असे. महाराष्ट्रात ते स्वाभाविकच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. त्यामुळे आमची नजर पिचकारीचे डाग, लाल दात आणि खिशातली पुडी यांवर तयार झालेली होती. ज्या वस्तूविषयी हे प्रकरण आहे ती यांपैकी कोणतीच खूण मागे ठेवत नाही.

मुलगा तेव्हा नववीत होता. अभ्यासात मध्यम, फुटबॉलमध्ये चांगला आणि आधीची कोणतीही तक्रार नसलेला. आई-वडील दोघेही नोकरीसाठी लोकलने दक्षिण मुंबईला जात आणि साडेसातनंतर घरी परतत. दुपारपासून घरी आजी असे. आजी गेली चाळीस वर्षे सकाळी आणि दुपारी मशेरी लावत आली होती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

अकरा दिवस कपाटात

जुलैच्या अखेरीस मुलांच्या स्वच्छतागृहात काम करणाऱ्या मावशींना खिडकीच्या कट्ट्यावर एक वस्तू सापडली. अंगठ्याएवढी रुंद, फिकट हिरव्या रंगाची, एका टोकाला चपटे तोंड असलेली. त्यांनी ती प्रामाणिकपणे कार्यालयात जमा केली. लिपिकांना ती पेन ड्राइव्हचा प्रकार वाटली आणि एका शिक्षिकेला हायलाइटर. ती हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात छत्र्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी अकरा दिवस पडून राहिली. मीही ते कपाट त्या काळात दोनदा उघडले होते. मावशींनी मात्र एक गोष्ट तेव्हाच सांगितली होती, की संडासात हल्ली आंब्याच्या गोळीसारखा वास येतो. ती कोणीही नोंदवून घेतली नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हा मुलगा मोठ्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्गात उलटी करून खाली बसला. चेहरा पांढराफटक, घाम आलेला, हात थरथरणारे. घरच्या डॉक्टरांनी उपाशीपोटी वडापाव खाल्ल्याने झालेले पित्त म्हणून औषध दिले. समोर आलेल्या माहितीवरून तो निष्कर्ष गैर नव्हता, कारण निकोटिनचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पुढे मुलाने सांगितले, की त्या दिवशी त्याने सुट्टीतल्या वीस मिनिटांत एकसारखे झुरके घेतले होते. मळमळ, चक्कर, घाम, थरथर ही अतिरिक्त निकोटिनची ठरलेली लक्षणे आहेत.

आठ दिवसांनी क्रीडाशिक्षकांना त्याच्या कंपासपेटीत तशीच दुसरी वस्तू मिळाली आणि त्यांनी ती ओळखली. ती एकदा वापरून फेकून द्यायची ई-सिगारेट होती, ज्याला मुले नुसते ‘वेप’ म्हणतात.

ही वस्तू नेमकी काय आहे

आमच्यापैकी बहुतेकांना त्या दिवशी जे ठाऊक नव्हते ते थोडक्यात मांडते. आतमध्ये लिथियम-आयन बॅटरी, एक तारेचे वेटोळे आणि द्रव शोषून धरणारा बोळा असतो. ओढले की तार तापते आणि प्रॉपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये व निकोटिन यांच्या मिश्रणाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जातात. त्याला वाफ म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण ती पाण्याची वाफ नव्हे. मिश्रण तापल्यावर त्यात फॉर्माल्डिहाइडसारखी घातक संयुगेही तयार होऊ शकतात.

आजच्या स्वरूपाची ई-सिगारेट चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये तयार केली. मुलांपर्यंत ती पोहोचण्यामागे दोन बदल आहेत. पहिला बदल रसायनाचा. निकोटिनला बेंझोइक आम्लाची जोड देऊन केलेले निकोटिन क्षार घशाला फारसे खुपत नाहीत, त्यामुळे पूर्वी नवख्याला ठसका लावणारी मात्रा आता अलगद आत जाते. दुसरा बदल नियमनातील फटीचा. अमेरिकेने २०२० च्या आरंभी काडतूस बदलून वापरायच्या ई-सिगारेटमधील फळांच्या स्वादांवर निर्बंध आणले, पण वापरून फेकायची उपकरणे त्यातून वगळली आणि बाजार त्या फटीतून वाहू लागला. चीनमधील शेनझेन परिसरात बनलेली ही उपकरणे पुढच्या दोन-तीन वर्षांत जगभर पसरली. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२४ पासून त्यांची आयात थांबवली, बेल्जियमने जानेवारी २०२५ पासून आणि ब्रिटनने १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

भारताने हा निर्णय त्यांच्या आधीच घेतला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा, अशा क्रमाने सर्व प्रकारच्या ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात बंद झाली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ती ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हा भेद विचारपूर्वक केलेला आहे, आणि आमच्या बैठकीतला सर्वांत मोठा गोंधळ तो लक्षात न घेतल्यामुळे झाला.

बंदी योग्यच आहे असे माझे मत आहे. तिचा एक परिणाम मात्र आमच्या शाळेत मला स्पष्ट दिसला. ‘हे आपल्याकडे मिळतच नाही’ अशी मोठ्यांची समजूत झाली, म्हणून कोणी ती ओळखायला शिकवले नाही. जे मिळत होते ते चोरट्या मार्गाने आलेले, म्हणजे कोणत्याही मर्यादेविना. ब्रिटनमध्ये विक्री चालू होती तेव्हाही अशा उपकरणात २ मिलिलिटर द्रव आणि मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन एवढीच मुभा होती. कंपासपेटीत सापडलेल्या उपकरणावर १२ मिलिलिटर आणि ५ टक्के असे छापले होते. छापलेले खरे मानले, तर मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे ६०० मिलिग्रॅम निकोटिन. हे सगळे शरीरात जात नाही, हे खरे, पण तुलनेसाठी सांगायचे तर एका साध्या सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जाते. शिवाय सिगारेट संपते. ती विझली की दुसरी पेटवायची की नाही, हा विचार करायला क्षणभर तरी मिळतो. या उपकरणात तसा क्षण येतच नाही. ते खिशात असते, धग नसते, राख नसते, आणि हजारो झुरके उरलेले असतात.

समुपदेशनात मुलाने मला सांगितलेले पहिले वाक्य होते, “पाचच टक्के आहे, बाई, पंच्याण्णव टक्के फ्लेवर आहे.” त्याच्या हिशेबात पाच टक्के म्हणजे नगण्य होते.

समस्या कोणती, यावरच मतभेद

कंपासपेटी सापडली त्याच दिवशी दुपारी मुख्याध्यापिका, पर्यवेक्षक, वर्गशिक्षिका, क्रीडाशिक्षक, संस्थेचे एक विश्वस्त आणि मी एकत्र बसलो. प्रत्येकाच्या मनातली समस्या वेगळी होती, हे मला त्या बैठकीच्या शेवटी कळले. पर्यवेक्षकांच्या दृष्टीने ती शिस्तीची होती, विश्वस्तांच्या दृष्टीने शाळेच्या नावाची, क्रीडाशिक्षकांच्या दृष्टीने गुन्ह्याची. वर्गशिक्षिका एवढेच म्हणाल्या, “तो आठ दिवसांपूर्वी माझ्यासमोर उलटी करत होता, आणि मी त्याला लिंबूपाणी दिलं.” त्या एकट्याच मुलाविषयी बोलत होत्या.

विश्वस्तांनी विचारलेला प्रश्न प्रामाणिक होता आणि तो पुष्कळदा विचारला जातो : निदान सिगारेटपेक्षा तरी ही बरी ना? बरीच वर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती पूर्ण सोडून ई-सिगारेटकडे वळणे, याविषयी काही देशांतील आरोग्य यंत्रणा अनुकूल आहेत, आणि त्या मताला आधारही आहे. त्या तुलनेची एक बाजू मात्र सिगारेट ओढणारा प्रौढ ही आहे. आमच्या समोरच्या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती. त्याची तुलना कशाशीच न जडलेल्या चौदा वर्षांच्या मुलाशी करायला हवी होती. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटिनची सवय लवकर आणि घट्ट बसते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय दाखला हातात देण्याचा. दोन वर्षांपूर्वी गुटख्यासह सापडलेल्या एका मुलाच्या बाबतीत असेच झाले होते आणि ‘प्रश्न मिटला’ असे पर्यवेक्षकांनी सांगितले. शिक्षण हक्क कायद्यातील निष्कासनाविरुद्धचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे, त्यामुळे नववीतल्या या मुलाला ते लागू नव्हते. कायद्याने आमचा हात धरला नसता. मी विचारले, की त्या जुन्या मुलाचे पुढे काय झाले. कोणालाच माहीत नव्हते. ज्या वर्गात आणखी काही मुले हेच करत असण्याची शक्यता आहे, तिथे पहिल्या सापडलेल्या मुलाला घालवले तर बाकीचे फक्त अधिक काळजीने लपवायला शिकतील, हा मुद्दा अखेर निर्णायक ठरला.

दुसरा पर्याय पालकांना बोलावून समज देण्याचा आणि बाहेर काही कळू न देण्याचा होता. तो सर्वांना सोयीचा होता. त्यात मुलाची अब्रू राहिली असती, पण पुरवठा चालूच राहिला असता.

तिसरा पर्याय लगेच पोलिसांकडे जाण्याचा. क्रीडाशिक्षकांचा आग्रह होता, की बंदी असलेली वस्तू सापडली आहे, तर मुलाला घेऊन ठाण्यात जावे. वापरणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला त्या वेळी खात्रीने सांगता आले नाही. मी कायदा वाचलेला नव्हता. त्या रात्री वाचला. तो आधीच्या आठवड्यात, ती हिरवी वस्तू कपाटात असताना, वाचायला हवा होता.

चौथा पर्याय, जो शेवटी निवडला गेला, तो दोन वाटा वेगळ्या करण्याचा होता : ओढणाऱ्या मुलाला रुग्ण समजून उपचारांकडे न्यायचे आणि पुरवठा हा गुन्हा समजून त्याची तक्रार करायची. पहिल्या वाटेत शिक्षा नको, दुसऱ्या वाटेत दडपादडपी नको. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकाच मुलाच्या तोंडून जाणाऱ्या माहितीवर अवलंबून होत्या आणि तिथेच सर्वांत कठीण प्रसंग आला.

गुप्ततेचा प्रश्न

पहिल्या भेटीत मी त्याला म्हणाले, “तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील.” समुपदेशनात मी हे वाक्य एका अटीसह म्हणते. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला अपाय होईल असे काही असेल, तर मला ते सांगावे लागेल, अशी ती अट. त्या दिवशी मुलगा रडत होता आणि मी अट गाळली.

दुसऱ्या भेटीत त्याने सगळे सांगितले. जूनमध्ये गणेशोत्सव मंडळाच्या मुलांबरोबर रात्री बसायला जाऊ लागल्यावर त्याने पहिला झुरका घेतला. देणारा त्याच्याच इमारतीतला, आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेला अकरावीतला मुलगा. आधी फुकट, मग तिघांनी पाचशे-पाचशे रुपये काढून एक उपकरण घेतले. त्यासाठी याने वाढदिवसाचे पैसे आणि वह्यांचे पैसे वापरले. अकरावीतला मुलगा ते मोबाइलवरच्या एका ग्रुपमधून मागवत असे. तिथे स्वादांची यादी येई, पैसे मोबाइलवरून जात आणि पार्सल इमारतीच्या फाटकावर पोहोचे. प्रत्येक उपकरणामागे त्याला दोन-तीनशे रुपये सुटत. आमच्या शाळेतल्या आणखी किमान सहा मुलांना त्यानेच दिले होते, त्यातला एक सातवीतला होता.

आता मी काय करावे? मुलाला दिलेला शब्द पाळला तर सातवीतल्या मुलापर्यंत ती वस्तू पोहोचत राहणार. शब्द मोडला तर हा मुलगा पुन्हा कोणत्याही मोठ्या माणसापुढे तोंड उघडणार नाही, आणि इमारतीत त्याला ‘चुगलखोर’ ठरवले जाईल ते वेगळेच. मी दोन दिवस काहीच केले नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी नावे न सांगता बोलले. नंतर मुलाकडे परत गेले आणि माझी चूक त्याला सांगितली : मी अट सांगायला हवी होती, सांगितली नाही, आणि आता सातवीतल्या मुलामुळे मला गप्प बसता येणार नाही. कोणाला, काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचे, हे मात्र आपण दोघे मिळून ठरवू, असे म्हणाले. तो खूप चिडला. उठून गेला. तीन दिवसांनी स्वतःहून आला आणि म्हणाला, “त्याच्या आईला आधी सांगा. पोलिसांना एकदम नको.” त्याच्या या एका वाक्याने आमचा क्रम ठरला, आणि तो आम्ही ठरवला असता त्यापेक्षा चांगला होता.

केलेली कृती : उपचार

मुलाच्या पालकांना शाळेने बोलावले तेव्हा वडील संतापाने थरथरत होते आणि आई गप्प होती. त्यांची पहिली मागणी होती, की दर आठवड्याला लघवीची तपासणी करावी. निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या कोटिनिनची अशी तपासणी होते. महापालिकेच्या रुग्णालयातील मनोविकार विभागाच्या डॉक्टरांनी ती नाकारली. कोटिनिन काही दिवसांतच निघून जाते, म्हणून आठवड्याची तपासणी चुकवणे सोपे असते, आणि त्याहून मोठी अडचण अशी, की तपासणी सुरू झाली की उपचारांची जागा पाळत घेते.

डॉक्टरांनी निकोटिनवरील अवलंबित्व मोजणारी दहा प्रश्नांची यादी वापरली. सोडायचा प्रयत्न करून जमले नाही का, न ओढता लक्ष लागत नाही का, चिडचिड होते का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात आणि एकाही प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले तर अवलंबित्वाची सुरुवात मानतात. मुलाची सात उत्तरे ‘हो’ होती, तेही तीन महिन्यांच्या आत. सकाळी उठल्यावर दात घासण्याआधी तो पहिला झुरका घेत असे आणि रात्री एकदा जाग आल्यावर उशीखालून काढून घेत असे. निकोटिनची च्युइंगम द्यावी का, यावर चर्चा झाली. या वयात ती तज्ज्ञाच्या निर्णयानेच द्यायची असते आणि डॉक्टरांनी आधी औषधाविना प्रयत्न करायचे ठरवले.

सोडण्याची तारीख मुलाने स्वतः निवडली, १ सप्टेंबर. पहिले तीन-चार दिवस डोकेदुखी, झोप न लागणे आणि भयंकर चिडचिड. पस्तीस मिनिटांचा तास त्याला बसवत नव्हता. त्याला मध्येच बाहेर जाऊ द्यावे तर जाण्याची जागा तेच स्वच्छतागृह, ज्याच्या वासानेच तलफ येई. वर्गशिक्षिकेने तोड काढली. प्रत्येक तासाच्या मध्यावर त्या त्याला हजेरीपट द्यायला किंवा खडू आणायला कार्यालयात पाठवू लागल्या. तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते, आणि जिना उतरून चढायला तेवढा वेळ लागतो. तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेचा क्रमांक, १८००-११-२३५६, त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिला होता. त्याने तो दोनदा वापरला असे नंतर सांगितले.

घरातली अडचण मशेरीची होती. “आजीला कोणी काही म्हणत नाही,” हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि त्याला ‘तू लहान आहेस’ हे उत्तर पुरेसे नव्हते. आजींशी मी त्यांच्या घरी जाऊन बोलले. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे आणि नातवाच्या नळीत जे आहे तेच तिच्यातही आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यांनी मशेरी सोडली नाही. नातवासमोर लावणे बंद केले आणि डबी त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवली. चाळीस वर्षांनंतर एवढे करणे मला कमी वाटत नाही.

केलेली कृती : पुरवठा

अकरावीतल्या मुलाच्या आईला मुख्याध्यापिका आणि मी भेटलो. या माउलीला आपला मुलगा मोबाइलची कव्हरे विकतो एवढेच ठाऊक होते. हा मुलगाही सतरा वर्षांचा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बालकच, आणि स्वतः दिवसभर ओढणारा. बाल न्याय अधिनियमाखालील २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, बालकाकडून घडलेला गुन्हा निर्घृण स्वरूपाचा नसेल आणि तो प्रौढांसोबत केलेला नसेल, तर प्रथम माहिती अहवाल नोंदवला जात नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार होतो. इथे मागे प्रौढ पुरवठादार असणार हे उघड होते, म्हणून आम्ही वकिलांचा सल्ला घेतला, मुलाला आईसोबत बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांपुढे नेले आणि भर ग्रुप चालवणाऱ्यांच्या माहितीवर ठेवला : दूरध्वनी क्रमांक, पैसे ज्या खात्यांवर गेले त्यांच्या नोंदी, पार्सलांवरील चिठ्ठ्या. सापडलेली उपकरणेही ताब्यात दिली.

उपकरणांविषयी एक नोंद. कंपासपेटीतले उपकरण मुख्याध्यापिका सर्वांसमोर दगडाने ठेचायला निघाल्या होत्या. तसे केल्यास आतली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, शिवाय पुरावा नाहीसा होतो. ही वस्तू सुक्या कचऱ्यातही टाकू नये. कचरा दाबणाऱ्या गाड्यांमध्ये अशा बॅटऱ्यांमुळे आगी लागतात, आणि उरलेला द्रव लहान मुलाच्या तोंडात गेला तर विषबाधा होऊ शकते.

परिणाम

मुलगा सत्तावीस दिवस निकोटिनविना राहिला. २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या रात्री, विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याने पुन्हा ओढले आणि दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला सांगितले. मला न सांगता त्यांना सांगितले, याची नोंद मी मुद्दाम करते. गेलेला विश्वास तेवढ्यात परत आलेला नव्हता. पुढे नोव्हेंबरमध्ये आणखी एकदा तसे झाले. जानेवारी २०२४ नंतर त्याच्या आणि घरच्यांच्या सांगण्यानुसार त्याने ओढलेले नाही. २०२५ मध्ये तो दहावी उत्तीर्ण झाला. नववीची सहामाही मात्र वाया गेली, आणि फुटबॉलच्या शालेय संघात तो परत आला नाही.

इतर सहा मुलांपैकी चौघे उपचारांना आले. सातवीतला मुलगा दोनदाच ओढून थांबला होता. एकाच्या पालकांनी आमच्याशी बोलणे नाकारले आणि एकाने शाळा बदलली. त्या दोघांविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही. अकरावीतल्या मुलाला समज आणि समुपदेशन मिळाले. तो ग्रुप पंधरा दिवसांत बंद झाला. महिनाभरात तीच यादी, तेच स्वाद आणि वेगळे नाव असलेला दुसरा ग्रुप मुलांच्या मोबाइलवर फिरू लागला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा तक्रारींसाठी २०२३ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर आम्ही त्याचीही नोंद केली.

वेगळे काय करता आले असते

क्रीडाशिक्षकांनी कंपासपेटी सापडल्यावर त्याच तासाला सगळ्या वर्गाची दप्तरे तपासली. काही मिळाले नाही, पण तपासणी झाल्याची बातमी दहा मिनिटांत शाळाभर गेली आणि नंतर घेतलेल्या निनावी प्रश्नावलीत मुलांनी एकमुखाने ‘माहीत नाही’ असे लिहिले. आधी प्रश्नावली घेतली असती, तर किती मुले आणि कोणत्या इयत्तेतली, याचा अंदाज एका दिवसात आला असता.

माझी दुसरी चूक जनजागृतीच्या तासाची. मी पडद्यावर वेगवेगळ्या उपकरणांची मोठी रंगीत चित्रे दाखवली. तास संपल्यावर आठवीतल्या दोन मुली विचारायला आल्या, की तो गुलाबी रंगाचा कुठे मिळतो. मुलांना वस्तू दाखवण्याचे कारण नव्हते. ती ओळखण्याची गरज मोठ्यांना होती आणि तो तास शिक्षक, शिपाई, स्कूलबसचे चालक आणि पालक यांच्यासाठी ठेवायला हवा होता. मुलांसाठी नंतर जे उपयोगी पडले ते पैशांचे आणि हातचलाखीचे बोलणे : पहिला झुरका फुकट का मिळतो, ‘पाच टक्के’ म्हणजे किती, आंब्याचा स्वाद कोणासाठी ठेवलेला असतो. फसवले जाण्याचा राग चौदाव्या वर्षी आजाराच्या भीतीपेक्षा जास्त काम करतो, असा माझा अनुभव आहे.

उलटीच्या दिवशी डॉक्टरांना चिठ्ठी पाठवताना ‘स्वच्छतागृहात गोड वास येतो’ एवढी एक ओळ लिहिली असती तर आठ दिवस वाचले असते. ती माहिती मावशींकडे होती, चिठ्ठी लिहिणाऱ्या कार्यालयाकडे नव्हती. आता शाळेत हरवलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत ‘वस्तू ओळखली का’ असा रकाना आहे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर वस्तू त्याच दिवशी समुपदेशकाकडे येते. जून २०२५ च्या पहिल्या कर्मचारी बैठकीत नव्याने लागलेल्या शिपायांना आणि सफाई कर्मचाऱ्यांना या उपकरणाचा आकार, वास आणि लपवण्याच्या जागा समजावून सांगण्याचे काम त्याच मावशींकडे दिले होते. त्यांनी ते अर्ध्या तासात, कोणत्याही पडद्याविना केले.